सबांव, साबुन, साबण

तुमचे प्रश्न दोन: पोर्तुगीज 'सबांव' (साबण) हा शब्द रोमजवळच्या सापो डोंगरावरून आला का, आणि आपला 'साबण' पोर्तुगीजांनी आणला का?

डोंगराची गोष्ट लोणकढी थाप आहे. यज्ञातली चरबी नि राख पावसात वाहून नदीला मिळाली आणि धुणं लख्ख निघालं, हे साबणाच्या वेष्टनावर छापायला ठीक. तसा डोंगर प्राचीन रोमच्या भूगोलात सापडत नाही. लॅटिन 'सापो' मुळात उसना, जर्मानिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या) भाषांतून घेतलेला. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ.स. 79) लिहितो की हा गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांचा शोध, चरबी आणि राखेपासून करतात, त्यातही बीच झाडाची राख आणि बकऱ्याची चरबी उत्तम, वापर केस लाल करायला, आणि जर्मन टोळ्यांत तो बायकांपेक्षा पुरुषच जास्त वापरतात. म्हणजे चक्क हेअर डाय! धुण्याचं नावही नाही.

इंग्रजी 'सोप' आणि जर्मन 'झाइफं' ही याच घरातली भावंडं. जर्मनमध्ये 'प'चा 'फ' झाला, जसा 'शिप'चा 'शिफ'. लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये येताना मात्र दोन स्वरांमधला 'प' मऊ पडून 'ब' होतो: 'लुपुस'चा (लांडगा) 'लोबु', तसा 'सापोनेम'चा 'सबांव'. तिकडे ग्रीकमार्गे हाच शब्द अरबीत गेला. अरबीत 'प' नाहीच, म्हणून 'साबून'. दोन्हीकडे 'ब', कारणं वेगळी. घोळ होतो तो इथेच.

पण शेवट बघा. पोर्तुगीज 'पांव'चा आपण 'पाव' केला, 'लेइलांव'चा 'लिलाव'. त्या चालीने 'सबांव'चा 'साबाव' व्हायला हवा होता. आपल्याकडे 'ण' ठणठणीत आहे, म्हणून माझं मत अरबी-फारसी 'साबुन'च्या बाजूने. जपान्यांनी मात्र तो 'शाबोन' म्हणून पोर्तुगीज किंवा स्पॅनिश खलाशांकडूनच उचलला. साबणाच्या फुग्यांना ते अजून 'शाबोन-दामा' म्हणतात.

जाता जाता: 'लाव्हार रोपा ब्रांका कों सबांव', म्हणजे पांढरे कपडे साबणाने धुणं. यात 'धुणं' आणि 'ने' तेवढे अस्सल लॅटिन. कपडे, पांढरे, साबण हे तिन्ही जर्मानिक. 'रोपा'चा मूळ अर्थ तर लुटीचा माल. चोरणे या अर्थाचा पोर्तुगीज 'रोबार' आणि इंग्रजी 'रॉब' हे त्याचे सख्खे नातलग.