बी४० म्हणजे ‘पामतेल घातलेले डिझेल’ का?

विचारणा अशी: इंडोनेशियात २०२५ पासून बी४० डिझेल लागू झाले, त्याला ‘४० टक्के पामतेल असलेले डिझेल’ म्हणता येईल का? आणि बायोडिझेलला ‘जैवइंधन’ म्हटले तर चालेल का?

पहिले चालणार नाही. बी४० मध्ये पामतेल नसते, पामतेलापासून केलेले ४० टक्के बायोडिझेल असते, बाकी नेहमीचे डिझेल, आणि हा फरक मोठा आहे. पामतेल ४० अंश सेल्सिअसला डिझेलच्या दहापटीहून जास्त दाट असते. ते तसेच टाकीत ओतले तर इंजिनाच्या पिचकारीतून (इंजेक्टर) नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते आणि इंजिनात काजळी धरते. म्हणून आधी त्याचे बायोडिझेल करतात: १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल खर्ची पडते (प्रत्यक्षात दुप्पट घालून उरलेले परत काढतात), जोडीला १ किलोच्या आत कॉस्टिक सोडा किंवा तत्सम अल्कली, आणि ६० अंशांच्या आसपास ढवळणे. मिथेनॉल ६५ अंशांच्या सुमारास उकळते, त्यामुळे आच याहून वाढवत नाहीत. मिश्रण निवू दिले की तळाशी गडद, जड ग्लिसरीन बसते आणि वर फिकट पिवळे बायोडिझेल तरंगते. तेलात पाणी किंवा मुक्त मेदाम्ले (तेलातून सुटी झालेली आम्ले) जास्त असली तर मात्र साबण होतो आणि दोन थर सुटतच नाहीत. पामची फळे तोडल्यावर एका दिवसात गिरणीत पोचवायची ती याहीसाठी, रेंगाळली की आम्लता चढते.

दुसरे: ‘जैवइंधन’ हे कुळाचे नाव. इथेनॉल आणि बायोगॅसही त्यातच. ‘जैवडिझेल’ म्हणा किंवा ‘बायोडिझेल’, दोन्ही ‘ते’, नपुंसकलिंगी. माझे मत ‘बायोडिझेल’ला, कारण पंपावर तेच बोलले जाते. ‘ताडतेल’ मात्र टाळा. ताड म्हणजे ताडगोळ्यांचा, हे झाड वेगळे.

फायदे सांगताना शब्द जपून वापरावेत. पामच्या बायोडिझेलचा सीटेन अंक नेहमीच्या डिझेलपेक्षा चढा असतो, म्हणून ते चटकन पेट घेते. गंधक जवळजवळ नसते. हेक्टरी तेलही सोयाबीनच्या कितीतरी पट निघते. मात्र किलोमागे ऊर्जा थोडी कमी, आणि ‘प्रदूषणमुक्त’ हे विशेषण चुकीचेच: दलदलीचे जंगल तोडून बाग लावली असेल, तर कार्बनचा हिशेब उलटा पडतो.

एक शब्द इथे चपखल बसतो: थिजणे. पाणी गोठते, तूप थिजते. पामचे बायोडिझेल १५ अंशांच्या आसपास खोबरेलासारखे गढूळ होऊ लागते, पुढे कण धरते आणि फिल्टर तुंबतो. ‘क्लाउड पॉइंट’साठी काहीजण ‘ढगबिंदू’ लिहितात. त्यापेक्षा ‘गढूळ होण्याचे तापमान’ म्हणावे, वाचणाऱ्याला बाटली डोळ्यांसमोर दिसते.