कॅरॅव्हानमध्ये ग्लास-कप कुठले न्यायचे आणि घाटात फुटू नयेत म्हणून ठेवायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हलर मिनीबसची कॅरॅव्हान करून घेतलीय, सासूबाई आणि दोन पोरं धरून सहाजण आहात, पहिली ट्रिप साताऱ्याहून कास बघून पुढं कुंभार्ली घाटानं कोकणात, आणि काचेचे ग्लास न्यावेत का सरळ प्लास्टिकचे घ्यावेत हे कळत नाहीये. सांगलीत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि मेव्हण्याकडं अशीच गाडी आहे जिचं किचन भरायचं काम दरवेळी माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की काच पडून फुटते. गाडीत पडायच्या आधीच ती एकमेकाला घासून कामातनं जाते. दोन ग्लास शेजारी टेकवून ठेवले की रस्त्याची थरथर तासन् तास काठावर काठ आपटत राहते, मग काठाचा बारीक टवका उडतो जो डोळ्याला दिसतही नाही, आणि तोच ग्लास दोन दिवसांनी गरम चहा ओतल्यावर नाहीतर धुताना हातात तडकतो. त्यामुळं काच का स्टील हा प्रश्न नंतरचा, आधी कुठलीही दोन भांडी एकमेकाला टेकणार नाहीत एवढं जमवा. ते जमलं तर काचही टिकते, नाही जमलं तर स्टीलच्या खडखडाटानं डोकं उठतं.

आता घ्यायचं काय. पाण्याला, ताकाला, सरबताला माझं मत फुलपात्र, दुसरं काही नाही. हल्ली लोक उंच सरळ ग्लास मागतात, दिसायला बरे दिसतात, पण ते एकात एक घातले की गाडीच्या हादऱ्यानं असे घट्ट बसतात की निघता निघत नाहीत (निघत नसतील तर बाहेरचा कोमट पाण्यात धरा आणि आतल्यात गार पाणी ओता, बाहेरचा थोडा फुगतो आतला आकसतो आणि सुटतात, हातोडी बितोडी मारू नका). फुलपात्राचा काठ बाहेर वळलेला असतो त्यामुळं तसं रुतून बसत नाही, बूड रुंद असतं म्हणून लवकर कलंडत नाही, आणि गरम दूध असलं तरी काठाला दोन बोटांनी धरता येतं. थोडं जाड बघून घ्या, भांडी किलोवर मिळतात तिथं हातात धरून वजन बघा, पातळ पत्र्याचं फुलपात्र एका दणक्यात चेपतं.

घेतानाच प्रत्येकाच्या फुलपात्रावर नाव घालून घ्या. दुकानात मशीन असतं, पाच मिनिटांचं काम. लग्नाच्या भांड्यांवर घालतात म्हणून हसू नका, गाडीत पाण्याची टाकी असते केवढी, आणि माझा ग्लास कुठला तुझा कुठला करत दर खेपेला सहाच्या सहा विसळायला निघाले तर टाकीतलं अर्धं पाणी त्यातच जाईल. नाव असलं की ज्याचं त्यानं दिवसभर वापरायचं आणि रात्री एकदाच घासायचं. पोरांनाही ते आवडतं, ती स्वतःहून आपापलं शोधून घेतात.

स्टीलबद्दल दुकानदार म्हणून एक सांगतो. गिऱ्हाईक खिशातनं लोहचुंबक काढतं आणि चिकटलं नाही की म्हणतं अस्सल आहे. त्यानं फक्त एवढंच कळतं की माल बिननिकेलचा नाही. 304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, 202 नंबरच्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि चुंबक दोन्हीला चिकटत नाही. उलट चांगल्या 304 च्या भांड्याला काठाशी, जिथं पत्रा दाबून वळवलेला असतो तिथं, कधीकधी हलकं ओढतं. तुम्ही कोकणात चाललाय, खारी हवा आहे, लिंबू कोकम पिणार आहात, म्हणून गंजाला जास्त टिकणारं 304 मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

चहाला मात्र एकेरी स्टील नको, ओठ भाजतात. दोन पदरांचे स्टीलचे मग मिळतात, मधे पोकळी असते त्यामुळं बाहेरनं हात लावला तरी चालतो आणि चहा गार व्हायला वेळ लागतो. घ्यायच्या आधी दुकानातच उकळतं पाणी ओतून बघा, बाहेरची बाजू लगेच कडक तापली तर तो नावालाच दुपदरी. आणि पोरांना त्यातनं दूध देताना आधी स्वतः चाखा, बाहेरनं गार लागतं म्हणून ती गटकन तोंडाला लावतात आणि आत ते पेटलेलं असतं.

सासूबाई कपबशीशिवाय चहा घेणार नाहीत हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी धरून चालतो. त्यांच्यासाठी एकच कपबशी घ्या आणि तिला वेगळा मानाचा कप्पा द्या, त्यावरनं वाद घालण्यात अर्थ नाही.

काच न्यायचीच असेल तर दोन प्रकार आहेत ज्यांची लोक नेहमी गल्लत करतात. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकीच फुगते म्हणून उकळता चहा सोसते, पण ती पातळ असते आणि आपटली की फुटते, गरम सोसणं वेगळं आणि मार सोसणं वेगळं. टफन केलेली काच तापवून झटकन गार केलेली असते, ती मार जास्त खाते आणि फुटलीच तर बारीक बारीक तुकडे होतात, मोठ्या धारदार फाका पडत नाहीत. गाडीला टफनवाली बरी. रोज धुतल्यावर कोरडं सुती फडकं काठावरनं फिरवा, धागा अडकला की टवका उडालाय, तो ग्लास तिथंच बाद करा.

प्लास्टिकमध्ये ट्रायटनचे ग्लास पोरांना ठीक आहेत, फुटत नाहीत आणि त्यात बीपीए हे काही प्लास्टिकमधलं नको असलेलं रसायन नसतं, फक्त तारेची घासणी लावू नका, ओरखडे पडून पांढरे पडतात. मेलामाइनचे मग दिसायला झकास पण ते गरमाला नाहीत, 70 अंशाच्या वरचं काही त्यात नको, आणि आमच्या सांगलीकरांचं हळदीचं दूध दोनदा ओतलं की आतनं कायमचे पिवळे. तांब्याची बाटली नुसत्या पाण्याला चालेल, त्यात लिंबू सरबत, ताक, कोकम अजिबात नको, आंबटानं तांबं उतरतं. पितळेचं फुलपात्र कल्हई नसेल तर तेच.

आता ठेवायचं. ट्रॅव्हलरच्या मागच्या चाकाच्याही मागं जो भाग बाहेर येतो तिथं सगळ्यात जास्त उसळी असते, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. आणि बहुतेक गाड्यांत नेमका तिथंच भांड्यांचा कप्पा केलेला असतो कारण बाकी जागा बेडनं खाल्लेली असते. शक्य असेल तर ग्लास-कप दोन चाकांच्या मधे, खालच्या ड्रॉवरमध्ये घ्या. वरच्या लोंबत्या कपाटात फक्त हलकं, प्लास्टिक बिस्टिक, कारण अर्जंट ब्रेक लागला आणि दार उघडलं तर काचेचा ग्लास कुणाच्या तरी डोक्यात बसेल. सुताराला सांगून प्रत्येक फळीच्या पुढं दोन इंचाची पट्टी मारून घ्या. घरच्या कपाटाला लावतात ते मॅग्नेट कॅचर घाटात टिकत नाहीत, टॉवर बोल्ट नाहीतर दाबून लॉक होणारं कुलूप लावा.

ड्रॉवरच्या आत काय, तर सगळ्यात स्वस्त आणि मस्त म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा खणांचा जुना क्रेट. भंगारवाल्याकडं नाहीतर सोडावाल्याकडं मिळतो, प्रत्येक ग्लासला स्वतःची खोली. फक्त आपलं फुलपात्र बरोबर नेऊन बसतंय का बघूनच घ्या, खण अरुंद असतात, रुंद काठाचं बसणार नाही आणि क्रेट उंच असला तर ड्रॉवर बंद होणार नाही. ते नाही जमलं तर सोफावाल्याकडनं जाड फोमचं शीट आणून त्याला बुडाच्या मापापेक्षा किंचित लहान भोकं पाडा, भांडं दाबून बसलं पाहिजे, हलवलं तर नुसतं फोम हललं पाहिजे. थर्माकोल वापरू नका, थोड्या दिवसांत भुगा होतो आणि तो चहात येतो.

काचेच्या ग्लासना फळवाल्याकडची सफरचंदाची फोमची जाळी चढवा. फळवाले फेकूनच देतात, मागितली की मूठभर मिळते. मोजे पण चालतात, धुतलेले असावेत एवढंच. फुलपात्रं एकावर एक लावणार असाल तर प्रत्येक दोघांमधे जुन्या धोतराचा नाहीतर टॉवेलचा तुकडा, खाली जाळीदार रबरी मॅट. कप हुकला टांगायची हौस गाडी उभी असताना करा, फोटोपुरती. निघताना उतरवायचेच, कारण टांगलेले कप वळणावर एकमेकाला टकरा देतात.

पावसाळ्यात जाणार असाल तर अजून एक. कोयनेच्या पुढं हवेत इतकी ओल असते की धुतलेलं काही वाळत नाही, आणि ओली भांडी एकात एक घालून ड्रॉवर बंद केला की सकाळी कुबट वास. पंच्यानं कोरडी करा, उपडी घालायची असतील तर जाळीवर घाला म्हणजे खालनं वारं लागेल.

शेवटचं ड्रायव्हरच्या बाटलीचं. बाटली सीटशेजारी मोकळी नको, पायाशी तर नकोच, कुंभार्लीच्या उतारावर ती घरंगळत ब्रेकच्या खाली गेली तर ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. दरवाज्याच्या खणात घट्ट बसेल अशाच मापाची बाटली घ्या, आणि खण मोठा असेल तर त्यात फडकं कोंबून ती आवळून बसवा. मागं बसलेल्यांनी पुढं पाणी द्यायचं ते पण गाडी थांबवून.