वाचकांचे प्रश्न : नवे बैठे खेळ

प्रश्न : आमच्या घरी दर रविवारी रात्रीची जेवणे आटोपली की पत्त्यांचा डाव बसतो. आई, आम्ही दोघे आणि दहावीतली मुलगी असे चार भिडू. मेंढीकोट आणि बदाम सात यांपलीकडे आम्ही काही खेळलेलो नाही. गेल्या काही महिन्यांत आपण स्वतः खेळलेल्या नव्या खेळांपैकी कोणते आपल्याला मनापासून आवडले, आणि त्यांतला आमच्या घरात रुजेल असा कोणता, हे कृपया सांगावे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्याकडे मेंढीकोट चालतो हे वाचल्याबरोबर मला ‘द क्रू’ आठवला. टोमास झिंग यांनी रचलेला हा खेळ २०१९ साली जर्मनीत आला आणि जर्मनीतील खेळसमीक्षकांचे मंडळ जाणत्या खेळाडूंसाठी दरवर्षी जो पुरस्कार देते, तो २०२० साली त्याला मिळाला. चार रंगांची १ ते ९ अशी ३६ पाने आणि हुकमाची ४ पाने, एवढाच त्याचा जोड आहे. उतारीच्या रंगाचे पान हातात असेल तर तेच टाकायचे, नसेल तर हुकूम मारायचा किंवा दुसरे कोणतेही पान सोडायचे, हे तर तुमच्या आईंना सांगावेही लागणार नाही. नवे आहे ते पुढचे : येथे कोणी कोणाच्या विरुद्ध खेळत नाही. मेंढीकोटात जशा दश्श्या ओढायच्या असतात, तशी येथे ठरावीक पाने ठरावीक भिडूच्याच हातात पडावी लागतात, आणि तसे झाले तर सगळे जिंकतात, एक जरी पान भलत्याच्या हातात गेले तर सगळे हरतात. अशा एकूण ५० मोहिमा आहेत आणि त्या उत्तरोत्तर अवघड होत जातात.

स्वतःच्या पानांबद्दल बोलायला मात्र सक्त मनाई असते. प्रत्येकाने एका मोहिमेत फक्त एकदा, आपले एक पान उघडे ठेवून त्यावर चकती ठेवायची. चकती वरच्या टोकाला असेल तर ते त्या रंगाचे आपल्याकडचे सर्वांत मोठे पान, खालच्या टोकाला असेल तर सर्वांत लहान, आणि मधोमध असेल तर त्या रंगाचे ते एकच पान. परवाच्या डावात निळी १ ज्या हातात पडेल तो हात मला जिंकायचा होता. माझ्याकडे निळ्याचे एकच पान होते, ९. ते मी उघडे ठेवले आणि चकती मधोमध ठेवली. भावाने क्षणभर त्या चकतीकडे पाहिले आणि निळी १ उतरली. वहिनींकडे निळे पान नव्हते आणि हुकूम होता, तरी त्यांनी तो न मारता एक पिवळे पान सोडले, आणि तो हात माझ्याकडे आला. एक शब्दही न बोलता तिघांनी एकमेकांचे मन ओळखले, याचा जो आनंद त्या रात्री झाला, तो मला एकट्याने जिंकलेल्या कोणत्याही डावात झालेला नाही. मोहिमांची पुस्तिका इंग्रजीत असते, पण पानांवर केवळ रंग आणि आकडे असल्यामुळे मुलीने मोहीम वाचून दाखवली की पुरते.

दुसरा आवडलेला खेळ ‘अझूल’. मिशाएल कीस्लिंग यांचा हा खेळ २०१७ साली आला, आणि २०१८ साली जर्मनीतील ‘वर्षातील खेळ’ हा मुख्य पुरस्कार त्यालाच मिळाला. पोर्तुगालमधील राजवाड्यांच्या भिंतींवर ज्या चकचकीत रंगीत फरश्या दिसतात, त्या आपल्या पटावर बसवत जायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. पाच प्रकारच्या प्रत्येकी २० म्हणजे एकूण १०० फरश्या एका कापडी पिशवीत असतात. हात घातला की त्या गुळगुळीत आणि वजनदार लागतात, आणि लहान मुले पिशवी सोडायलाच तयार नसतात. एका तबकडीवरच्या चार फरश्यांपैकी एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या आणि उरलेल्या मध्यभागी सारायच्या. मध्यभागी साठलेला ढीगही याच नियमाने उचलता येतो.

दिसायला इतका शांत असलेला हा खेळ किती कठोर होऊ शकतो, हे मला माझ्या मावशींनी शिकवले. माझ्या तिसऱ्या ओळीत दोन लाल फरश्या बसल्या होत्या आणि एकच हवी होती. मावशींनी बाकीचे सगळे पर्याय संपतील अशा बेताने मध्यभागी पाच लाल फरश्या साठू दिल्या. मला त्या पाचही उचलाव्या लागल्या. एक ओळीत बसली, उरलेल्या चार खाली पडल्या आणि माझे ६ गुण गेले. मावशींचे वय ७२ आहे आणि नियम समजून घ्यायला त्यांना पहिला अर्धा डाव पुरला होता. तुमच्या आईंबरोबर खेळायला हा खेळ म्हणूनच मी नि:शंकपणे सुचवीन.

बाकीच्यांविषयी थोडक्यात सांगतो. क्लाउस टॉयबर यांचा १९९५ सालचा ‘कटान’ या छंदाचे दार जगभर कित्येकांना उघडून देणारा खेळ आहे आणि त्यातली देवाणघेवाण मला आजही आवडते, पण फासे सतत विरुद्ध पडले तर दीड तास हातात काहीच येत नाही. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा ‘विंगस्पॅन’ पक्षिप्रेमींना भुरळ घालतो, मात्र त्याच्या प्रत्येक पत्त्यावर इंग्रजी मजकूर आहे आणि चौघांपैकी एकाला जरी तो वाचणे जड जात असेल तर डाव रेंगाळतो. माझी कसोटी एकच असते : दुसऱ्याची पाळी चालू असताना माझे लक्ष पटावरून हलता कामा नये. या दोघांत ते अधूनमधून हलते, ‘द क्रू’ आणि ‘अझूल’मध्ये कधीच हलत नाही.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेच घरी असतो. दोघांसाठीच रचलेला एखादा खेळ आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ऊवे रोझेनबेर्ग यांचा ‘पॅचवर्क’ (२०१४) अवश्य आणावा. तो सरळसरळ गोधडी शिवण्याचा खेळ आहे. प्रत्येकाकडे ९ गुणिले ९ घरांचा पट असतो, आणि वेड्यावाकड्या आकारांचे तुकडे विकत घेऊन तो भरायचा असतो. किंमत दोन प्रकारे मोजावी लागते, बटणे देऊन आणि वेळ देऊन. शिवाय वेळेच्या वाटेवर जो मागे असेल त्याचीच पाळी येते, त्यामुळे छोटी कामे करणाऱ्याला लागोपाठ दोन-तीन पाळ्याही मिळू शकतात. शेवटी रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक घराचे २ गुण वजा होतात. आरंभी बटणे फक्त पाच असतात, तेव्हा मोठ्या तुकड्याचा मोह टाळून ज्या तुकड्यांवर बटणे शिवलेली आहेत ते आधी घ्यावेत. त्यांतूनच पुढे मिळकत होत राहते. अर्ध्या तासात डाव संपतो आणि हरलेला माणूस बहुधा लगेच दुसरा मांडतो.

प्रश्न : पावसाळ्यात पत्ते वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पत्ते उन्हात मुळीच वाळवू नयेत, त्याने ते अधिक वाकतात. प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात घालावा, खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवाव्यात आणि जोड आडवा ठेवून त्यावर जाड पुस्तकाचे वजन द्यावे. रबर लावू नये, कडांना खाचा पडतात आणि मग ते पान पाठीवरूनच ओळखू येते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या १२० गोल पत्त्यांवर लाखेचा हात दिलेला असे, तोही त्यांना टिकाऊपणा यावा म्हणूनच. छापील पत्त्यांवर मात्र घरी लाख किंवा वॉर्निश लावण्याच्या फंदात पडू नये. मी एक जोड तसा केला आणि तो पिसताच येईनासा झाला.