नजर चुकवून सटकू नका
साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बाबा दिसेनासा झाला की मूल कावरंबावरं होतं. म्हणून गुपचूप सटकलात, तर पुढच्या वेळी ते तुमचा पायच सोडणार नाही. खाली बसा, डोळ्यांत बघून सांगा आणि निघा. निरोप अर्ध्या मिनिटाचा पुरे. दारातून तीनदा मागे फिरलात की रडणं वाढतंच. तीन वर्षांच्या पोराला ‘पाच वाजता’ कळत नाही, ‘झोपून उठलास की येतो’ कळतं. उशीर होणार असेल तर फोनवर त्यालाच सांगा, फक्त आईला नको.

आणि कधी ओरडलात, तर शांत झाल्यावर स्वतःहून जवळ जा: ‘मी ओरडलो, चुकलंच माझं.’ त्याला ‘पण तूसुद्धा...’ जोडलंत की सगळं फुकट.