सोयरा हे नाव कुठून आलं? मुलीला ठेवावं का?

तुमची लेक दोन महिन्यांची आहे आणि 'सोयरा' हे नाव तुमच्या मनात भरलंय. घरात मात्र दोन हरकती आहेत. सासूबाईंना नाव मुलाचं वाटतंय आणि भाऊ म्हणतोय, "शिवाजी महाराजांच्या घरातल्या त्या सोयराबाईंचं नाव कशाला?" शिवाय हे नाव हल्ली कुणी ठेवतं का, हेही तुम्ही विचारलंय.

मी कराडच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवलं. इतक्या वर्षांच्या कॅटलॉगमध्ये अश्विनी, सोनाली, पूजा, प्रियांका किती आल्या त्याचा हिशोब नाही. पुढे सई, ईश्वरी, श्रेया, वैष्णवी येत राहिल्या. सोयरा एकच आली. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाव फारच कमी ऐकू येतं. तुमच्या मुलीच्या वर्गात दुसरी सोयरा बहुधा नसेल.

ती एक मुलगी आधी सांगते. पाचवीत दुसऱ्या शाळेतून आली होती. दाखल्यावर होतं तसं मी कॅटलॉगमध्ये उतरवलं आणि पहिल्या दिवशी हाक मारली, "सायरा." कुणीच 'हजर' म्हणेना. पुन्हा पुकारलं, तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी सोयरा. वरची मात्रा राहिलीय." सा वर मात्रा दिली की सो होतो, एवढाच फरक. मी तिला टेबलापाशी बोलावलं आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने जीभ दातांत धरून, अगदी जपून ती मात्रा काढली. नाव तिच्या आजोबांनी ठेवलं होतं. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे.

भजनाची वही आणि हे नाव यांचं नातं जुनं आहे, पण त्याआधी शब्दाचं मूळ बघू.

'सोयरा' म्हणजे लग्नाच्या नात्याने जोडलेला माणूस. सोयरीक, सगेसोयरे हे शब्द त्याच घरातले. व्युत्पत्तीत मात्र एक सुंदर वळण आहे. हा शब्द संस्कृत 'सोदर' किंवा 'सहोदर' यापासून आलेला मानतात. सहोदर म्हणजे एका उदरातून जन्मलेला, सख्खा भाऊ. प्राकृतात मधला 'द' झिजला आणि 'य' उरला. 'पाद'चा 'पाय' झाला ना, तसाच 'सोदर'चा 'सोयर' झाला. म्हणजे मुळात सख्ख्या भावासाठी असलेला शब्द मराठीत लग्नाने जोडलेल्या माणसांना मिळाला. लेकीच्या सासरच्यांना आपण सोयरे म्हणतो, तेव्हा नकळत त्यांना पाठच्या भावाच्या जागी बसवतो. मला हा शब्द यासाठीच फार आवडतो.

संतांनी तर त्याला माणसांच्याही पलीकडे नेलं. तुकोबांची 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' ही ओळ आपण शाळेत असल्यापासून म्हणतो. झाडं नुसती आवडतात असं ते म्हणत नाहीत, झाडांशी आमची सोयरीक आहे म्हणतात. विठ्ठलालाही त्यांनी सोयरा म्हटलंय.

आता सासूबाईंची हरकत. त्यांचा कान खोटा नाही. घोडा, मुलगा, म्हातारा या चालीने मराठीत 'सोयरा' हे पुल्लिंगीच रूप आहे. ते स्त्रीलिंगी करायचं तर 'सोयरी' व्हायला हवं. पण विशेषनामाची रीत वेगळी असते. सीता, राधा, गंगा ही आकारान्तच नावं, आणि त्यांच्या पंगतीत सोयरा सहज बसतं. जुन्या काळी पुढे 'बाई' लागायचं आणि शंका घ्यायला जागाच राहायची नाही. मुख्य म्हणजे, आपल्या आठवणीत या नावाने ज्या कुणी राहिल्या त्या साऱ्या बायकाच आहेत. चौदाव्या शतकापासून ज्याच्या मागे बायका उभ्या आहेत, ते नाव बाईचंच. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, त्या ऐकतील.

त्यातली पहिली म्हणजे संत सोयराबाई. चोखामेळ्यांची बायको, कर्ममेळ्याची आई. नणंद निर्मळा, नणंदेचा नवरा बंका. या घरातलं जवळजवळ प्रत्येक माणूस अभंग रचत होतं, आणि या घराला विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवायला बंदी होती. चोखोबा 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून त्याखाली गेले. त्यांची समाधी आजही पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे.

'अवघा रंग एक झाला' हा अभंग तुम्ही ऐकलाच असेल. किशोरीताई आमोणकरांच्या भैरवीमुळे तो घराघरांत पोचला. तो सोयराबाईंचा आहे. किती तरी लोकांना हे माहीत नसतं, आणि त्याला एक कारण आहे. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, ती नाममुद्रा. जनाबाई 'जनी म्हणे' म्हणतात, बहिणाबाई 'बहिणी म्हणे' म्हणतात. सोयराबाईंच्या बहुतेक अभंगांत शेवटी येतं, 'म्हणे चोखियाची महारी'. नवऱ्याचं नाव आहे, जातीचं नाव आहे, तिचं स्वतःचं नाव नाही.

मी अभंग शिकवताना या ओळीपाशी थांबायचेच. देहाला सगळे विटाळ म्हणतात, मग हा विटाळ देहातच जन्मला ना, तर सोवळा झाला तो कोण, असं धर्माला तोंडावर विचारणारी ही बाई आहे. तिच्यात धीर कमी नव्हता. ज्या शब्दाने लोक तिला लांब उभं करत होते, तोच शब्द तिने विठ्ठलासमोर सही म्हणून वापरला. एका अभंगात ती देवाला जेवायला बोलावते. तुमच्या योग्यतेचं अन्न नाही, पण गोड करून घ्या, विदुराघरच्या कण्या तुम्ही खाल्ल्या होत्या की, म्हणते. आपल्या हातचं देव खाईल याची तिला खात्री आहे.

तिच्या बाळंतपणाची कथाही वारकरी सांगतात. चोखोबा घरी नव्हते, सोयरा अडली होती, तेव्हा विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन आला आणि नणंदेच्या नात्याने त्याने सगळं केलं. कथा म्हणूनच घ्या, पण नाव लक्षात ठेवून ऐका. जिचं नाव सोयरा, तिच्या घरी देव सोयरा होऊन आला.

आता भावाची हरकत. इथे मला जरा जास्त बोलावं लागेल, कारण आमच्या भागाचा विषय आहे. महाराणी सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांच्या लेक. तळबीड कराडपासून जवळच. मोहिते आणि भोसले यांची सोयरीक एका पिढीची नव्हती. शहाजीराजांच्या पत्नी तुकाबाई मोहित्यांच्या, शिवाजी महाराजांच्या सोयराबाई मोहित्यांच्या, आणि राजारामांच्या ताराबाई याही मोहित्यांच्याच. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे भाऊ आणि ताराबाईंचे वडील. म्हणजे औरंगजेबाला शेवटपर्यंत झुंजवणाऱ्या ताराराणींच्या सोयराबाई आत्याही आणि सासूही. तीन पिढ्या जोडणाऱ्या नात्याच्या मधोमध उभ्या असलेल्या बाईचं नाव सोयरा होतं.

6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणी म्हणून त्याच महाराजांशेजारी होत्या. त्याआधी चार वर्षं, 24 फेब्रुवारी 1670 ला, राजगडावर त्यांच्या पोटी राजाराम जन्मले. ते पालथे जन्मले, लोकांना अपशकुन वाटला, आणि महाराज म्हणाले की हा पातशाही पालथी घालील, असं बखर सांगते. एप्रिल 1680 मध्ये महाराज गेल्यावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. हंबीररावांनी सख्ख्या बहिणीऐवजी संभाजीराजांची बाजू घेतली आणि तो डाव तिथेच संपला. 1681 मध्ये सोयराबाई गेल्या.

झालं ते झालं, मी ते झाकायला सांगत नाही. पण नाटकांनी आणि मालिकांनी त्यांची कटकारस्थानं करणारी सावत्र आई एवढीच ओळख ठेवली. आपल्या मुलाला गादी मिळावी म्हणून खटपट करणाऱ्या राण्या जगातल्या प्रत्येक राजघराण्यात होत्या. तेवढ्यावरून अख्खं नाव वाळीत टाकायचं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही.

यात 'सई'शी तुलना करून बघा. सईबाई महाराजांच्या थोरल्या राणी, संभाजीराजांच्या आई. सई हे नावही नात्याच्या शब्दातूनच आलंय. 'सखी'चं प्राकृतात 'सही' झालं, मराठीत 'सई'. एकीचा अर्थ मैत्रीण, दुसरीचा अर्थ आप्त. दोन्ही नावं एकाच वाड्यातली, एकाच जातकुळीची. सई आज गावागावांत आहे, सोयरा नाही. सई छोटं आहे, उच्चारायला सोपं आहे, हे खरंच. पण मला वाटतं खरं कारण हेच की सईबाईंची आठवण मायेची राहिली आणि सोयराबाईंची भांडणाची.

नावाचा अर्थ मुलीच्या अंगाला कसा लागतो ते आमच्या सातारा जिल्ह्याने फार जवळून पाहिलंय. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नकोशी' नाव ठेवलेल्या मुली वर्गात असायच्या. हजेरी घेताना ते नाव मी अर्ध्या आवाजात उच्चारायचे, तरी ती मान खाली घालायची. 2011 मध्ये साताऱ्यात अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा मुलींनी ती आपली आपण निवडली होती. 'नकोशी'च्या बरोबर उलट टोकाला कुठला शब्द असेल तर तो मला 'सोयरा' वाटतो. आपली, जोडलेली, हक्काची.

तेव्हा नाव ठेवा. संतांची सोयरा मनात धरून ठेवा, राणीची धरून ठेवा, किंवा नुसत्या शब्दासाठी ठेवा. बारशाला आत्या कानात सांगेल तेव्हा तो शब्द फार गोड वाजेल. घरात सोयू, सोयरी अशी लाडाची नावं आपोआप पडतील.

एका गोष्टीला मात्र जपा. माझ्या त्या विद्यार्थिनीचं कॅटलॉगमधलं नाव एका मात्रेने सुटलं, पण पुढे आधार कार्डावर ती पुन्हा सायरा झाली. इंग्रजीत 'एस'नंतर 'ओ'च्या जागी 'ए' पडला होता. बँकेचं खातं, शिष्यवृत्ती, दहावीचा फॉर्म, सगळीकडे तिच्या वडिलांना हेलपाटे घालावे लागले. जन्मनोंदणीत बाळाचं नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुमच्याकडे अजून दहा महिने आहेत. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग घरूनच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, समोरच्याने टाइप केलेलं पडद्यावर स्वतः वाचा आणि 'सो' वरची मात्रा बघूनच हो म्हणा.