ड्रॉमध्ये मोठं नाव आलंय म्हणून

प्रिय मुली,

बॅडमिंटन स्पर्धेचा ड्रॉ (कोणाची गाठ कोणाशी, त्याची यादी) लागल्या लागल्या तुझा मेसेज आला, 'पहिल्याच फेरीत त्याच!' त्यात भीती किती आणि गुदगुल्या किती, हे काही कळलं नाही. दोन्ही असणार. ज्या नामांकित, ज्येष्ठ खेळाडूचे सामने मोबाईलवर थांबवून थांबवून पाहत तू नेटवरची मनगटाची लकब उचललीस, त्यांच्याचसमोर उभं राहायचंय. आणि जो तो तुला सांगतोय, 'वय झालंय त्यांचं, पळवलं की संपल्या.' हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक.

वयाबरोबर वेग लगेच जात नाही. तिशी ओलांडलेली पट्टीची खेळाडू पहिल्या गेममध्ये तुझ्याइतकीच चपळ दिसेल. कधी जास्तच, कारण शटल कुठे येणार हे तिला तुझ्या खांद्यावरून कळतं आणि ती आधीच निघालेली असते. जातं ते सावरणं. पुढच्या कोपऱ्यातला खोल लंज, म्हणजे एक पाय लांब टाकून वाकणं, जमतो, पण तिथून मध्यावर परतताना पाऊल उशिरा पडतं. लांबलेल्या रॅलीनंतर, म्हणजे एका गुणासाठी बराच वेळ चाललेल्या फटक्यांनंतर, दम भरून यायला वेळ लागतो. आणि कालच्या तीन गेमचे पाय आज सकाळी जड असतात. रिओ ऑलिंपिकची 2016 ची उपांत्य फेरी पाहा: चीनचा लिन डॅन आणि मलेशियाचा ली चोंग वेई, दोघेही तिशीपार. बीजिंग आणि लंडन, दोन्ही ऑलिंपिक अंतिम सामने लिन डॅनकडून हरलेल्या ली चोंग वेईने हा सामना 15-21, 21-11, 22-20 असा काढला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात चीनच्या 27 वर्षांच्या चेन लाँगने ली चोंग वेईला 21-18, 21-18 हरवलं. थकव्यानेच हरला असं मी म्हणणार नाही, चेन लाँगने त्या दिवशी फुकट काही दिलंच नाही. पण दोन दिवसांत असे दोन सामने खेळायचे, हे त्या वयात काय असतं ते तुला अजून माहीत नाही.

तुझी गाठ मात्र पहिल्या फेरीत पडतेय. म्हणजे ताज्या पायांशी. कोणाला हा ड्रॉ तुझ्या फायद्याचा वाटत असेल तर वाटू दे.

तू हरलीस तर कशी हरशील, ते आधी सांगतो. पॅरिसमधली 2024 ची ऑलिंपिक उपांत्य फेरी पुन्हा एकदा लावून बघ. लक्ष्य सेन 22 वर्षांचा, समोर डेन्मार्कचा 30 वर्षांचा व्हिक्टर ॲक्सेलसन, आधीच्या ऑलिंपिकचा विजेता. पहिल्या गेममध्ये लक्ष्य 20-17 ने पुढे, हातात तीन गेम पॉइंट. ॲक्सेलसनने सलग पाच गुण घेऊन गेम 22-20 असा नेला. दुसऱ्यात लक्ष्य 7-0 ने पुढे, आणि गेम गेला 14-21. म्हणजे 7-0 नंतरच्या 28 गुणांपैकी लक्ष्यला मिळाले 7. मुलाकडे फटके नव्हते असं आहे का? त्याच सामन्यात त्याने ॲक्सेलसनला कितीदा चुकीच्या बाजूला पाठवलं ते मोज. पण गेम हातातोंडाशी आल्यावर तो सांभाळून खेळायला लागला, आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्याने आक्रमण वाढवलं. जुन्या चॅम्पियनला आघाडी गेल्याची फार खंत नसते. समोरचा केव्हा मोजायला लागतो, याच्यावर त्याचा डोळा असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, त्यांना पळवायच्या नादात तू घाई करू नकोस. पळवणं आणि घाई यांत तुझी गल्लत होते. मागच्या दोन स्पर्धांत मी पाहिलं, चौथ्या-पाचव्या फटक्याला तू अर्ध्या संधीवर स्मॅश, म्हणजे वरून जोराचा फटका, मारतेस. तरुण प्रतिस्पर्धी गडबडते, गुण मिळतो. या बाई गडबडणार नाहीत. रॅकेट नुसती आडवी धरून तो स्मॅश नेटजवळ सोडतील, आणि पळशील तू. त्यांच्या दृष्टीने लहान रॅली हाच सौदा आहे, तो तू आपण होऊन का करून द्यावा?

करायचं असं. पुढचा कोपरा, मग तिरका मागचा कोपरा, आणि लगेच पुन्हा तोच पुढचा. पहिला ड्रॉप, म्हणजे नेटजवळ अलगद टाकलेला फटका, त्या सहज घेतील, शटल रॅकेटवर क्षणभर धरून तुला थांबवतीलही. तिथे हुरळून पुढे झेपावू नकोस, स्प्लिट स्टेप (हलण्याआधीची छोटी उडी) उशिरा घे. हिशेब दुसऱ्या खेपेच्या लंजचा आहे. तिथून येणारी लिफ्ट, म्हणजे खालून उंच मागे टाकलेला फटका, अर्धवट पडायला लागली, शटल मागच्या रेषेच्या दोन फूट अलीकडे उतरायला लागलं, की मग मार. तोवर गुण गेला तरी चालेल. पहिला गेम 21-15 असा गेला पण त्यात लांब रॅली भरपूर झाल्या, तर मला अजिबात काळजी वाटणार नाही. दहा मिनिटांत 21-15 असा गेला तर वाटेल.

आणखी एक. त्या वेळ काढतील. लांब रॅलीनंतर पंचांकडे शटल बदलून मागतील, कोर्ट पुसायला सांगतील, टॉवेलची परवानगी घेतील, तू सर्व्हिसला उभी राहिलीस की हात वर करून थांबवतील. बरंचसं नियमात बसतं, जास्त झालं तर पंच बघून घेतील. तू चिडू नकोस आणि पंचांकडे बघत तोंडही वाकडं करू नकोस, कारण ते त्यांना हवंच आहे. तो वेळ तुझाही आहे. तूही श्वास घे, रॅकेटच्या तारा नीट कर, आणि तुझ्या वेगाने सर्व्हिसला ये.

टॉस त्यांनी जिंकला तर सर्व्हिस घेण्याऐवजी बहुधा बाजू निवडतील. मोठ्या हॉलमध्ये एसीचा झोत एका बाजूने शटल पुढे नेतो, हे त्या सरावातच हेरून ठेवतात. तूही सरावाच्या वेळी दोन्ही बाजूंनी नुसते क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंतचे उंच फटके, मारून बघ, कुठून बाहेर जातं ते. तुमच्या पिढीला हे कंटाळवाणं वाटतं, जिममध्ये मात्र तासभर घालवता.

आता आदराचं. सरावात तू त्यांना ताई म्हणतेस, म्हणत राहा. पण कोर्टवर दोन चुका होतात. एक, नावाला घाबरणं, ही सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी कोणी बोलत नाही: दया येणं. गुडघ्याला पट्टी दिसते, प्रेक्षक त्यांच्या बाजूने ओरडतात, आणि हात आपोआप आखडतो. 2013 मध्ये जकार्तात इंडोनेशियाच्या तौफिक हिदायतची निरोपाची स्पर्धा होती. अथेन्सचा ऑलिंपिक विजेता, इंडोनेशिया ओपन सहा वेळा जिंकलेला, सगळं स्टेडियम त्याचं. पहिल्याच फेरीत आपल्या साई प्रणीतने त्याला तीन गेममध्ये हरवलं. पोरगा तेव्हा जेमतेम विशीचा. त्याने हात आखडता घेतला असता तर तो तौफिकचा मान झाला असता का? मला तरी तो अपमान वाटला असता.

आणि ही माणसं संपली असं धरून चालू नकोस. 2018 च्या राष्ट्रकुल अंतिम सामन्यात सायना 28 वर्षांची होती, सिंधू 22 ची आणि क्रमवारीत वर. सायना 21-18, 23-21 अशी जिंकली. गुडघे, पाय सगळं सोसून झालेली खेळाडू, पण 20 च्या पुढे कोणता फटका खेळायचा याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

जिंकलीस तर काय, हेही लिहून ठेवतो, कारण त्या संध्याकाळी तू माझं ऐकणार नाहीस. 2022 च्या इंडिया ओपनमध्ये मालविका बनसोडने सायनाला सरळ दोन गेममध्ये हरवलं. देशभर नाव झालं, आणि पुढच्याच फेरीत ती आकर्षी कश्यपकडून हरली. मालविका चांगलीच खेळाडू आहे, पुढे तिने ते दाखवलंही. पण दंतकथेला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी समोर एक साधी, भुकेली, तुझ्याच वयाची मुलगी उभी असते, आणि तिला तुझ्या कालच्या विजयाचं काहीही घेणंदेणं नसतं. तेव्हा सामना संपला की हस्तांदोलन, पंचांचे आभार, मग वीस मिनिटं कूलडाउन आणि स्ट्रेचिंग. फोन माझ्याकडे दे. मुलाखत मागितली तर दोन वाक्यं बोल. दुसऱ्या फेरीतल्या दोघींपैकी एक डावखुरी आहे, तिचे दोन सामने मी काढून ठेवलेत. जेवण झाल्यावर ते बघायला बसू.

तुझा,
सर