वाचकांचे प्रश्न : ऑक्सिजन-कक्षाचा उपचार घ्यावा का?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असून त्याचा डावा हात फारसा चालत नाही. एका केंद्राने दाबयुक्त ऑक्सिजन-कक्षाची चाळीस सत्रे सुचवली आहेत. त्यासाठी दागिने मोडावेत का?

उत्तर : ताई, मोडू नका. कॅनडातील क्युबेक प्रांतात १११ मुलांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना शुद्ध ऑक्सिजन, तर काहींना किंचित दाबाखालची साधी हवा अशी प्रत्येकी चाळीस सत्रे देण्यात आली. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच दिसली. म्हणून कोणत्याही उपचाराची माहिती काढताना तुलनेचा गट, म्हणजे तो उपचार न मिळालेला गट, होता का, हे आधी विचारावे. आपल्या मुलासाठी, चांगला हात ठरावीक वेळ मोज्यात ठेवून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याच्या पद्धतीला अधिक भक्कम आधार आहे. थेरपिस्टच्या सल्ल्याने ती घरीही करता येते: पोळीचा तुकडा डाव्या हाताने उचलून दुधात बुडवणे, हाही व्यायामच आहे.